चाकाला लावायचं नाही

विहीणबाईंचं पाण्याचं मशीन झिलईच्या कारखान्यात आलं ते चादरीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर बसून, वरून पट्टा लावून. जावईबापूंनी ते दोन्ही हातांवर उचलून आत आणलं, आणि तान्ह्या मुलाला निजवायला जागा शोधावी तसे चहूकडे बघत उभे राहिले. जागा कुठली असणार तिथे? नळ, मुठी, बिजागऱ्या, मोटरसायकलींची धुराडी, दवाखान्यातल्या खाटांचे कठडे, जिकडे पाय टाकावा तिकडे धातू. त्यातला निम्मा काळाकुट्ट आणि निम्मा आरशासारखा. मधलं काही झिलईला चालायचंच नाही.

झिलई हे त्याचं नाव त्यामुळेच पडलं होतं. खरं नाव बँकेला ठाऊक असेल तर असेल. मोटरीवर कापडाचं चाक गरगर फिरतंय, त्याला पॉलिशची वडी चोळायची आणि मळका धातू दाबून धरायचा, की बघता बघता त्यात आपलं थोबाड दिसलं पाहिजे. उभा जन्म त्याने हेच केलं होतं. मंद धातू दिसला की त्याच्या हाताला खाज सुटायची. कुणाच्या घरी गेला तरी आधी दाराची कडी बोटाने पुसून बघायचा, मग घरच्यांना नमस्कार करायचा.

या खाजेपायी एकदा फार वाईट झालं होतं. विहीणबाईंच्या मालकांना नोकरीत कधीतरी एक पदक मिळालं होतं. मालक गेले, पदक कपाटावर काळं पडत राहिलं. झिलईला ते बघवेना. आपण होऊन मागून नेलं आणि लखलखीत करून परत आणलं. विहीणबाईंनी ते उलटं केलं, सुलटं केलं, परत उलटं केलं. मालकांचं नाव, साल, खात्याचा शिक्का, सगळं चाकाने खाऊन ढेकर दिला होता. बाई शांत होत्या. म्हणाल्या, "छान झालंय. आता कुणाचंही म्हणून देता येईल."

ते वाक्य झिलईच्या काळजात बसलं ते बसलंच. त्यानंतर तो लेकीच्या सासरी गेला की हात मांडीखाली दाबून बसायचा.

आणि आता त्याच विहीणबाईंनी, म्हणे, स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की मशीन व्याह्यांकडेच द्या. जावईबापू हे सांगत होते आणि झिलईची छाती बनियनमध्ये मावत नव्हती.

झालं होतं असं, की मशीनमधून पाण्याची धार करंगळीएवढीही पडेना. जावईबापूंनी कारण शोधून काढलं होतं. ते शिकलेले, त्यात हौशी. एखादी वस्तू घेतली की तिचं कूळमूळ काढल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. ते समजावून सांगायला लागले. या मशीनच्या पोटात धातूच्या प्लेटा आहेत. एकीला विजेचं अधिक टोक, शेजारणीला उणं टोक, मधे एक पातळ पडदा. नळाचं पाणी त्यांच्यामधून गेलं की त्यातले क्षार फुटतात आणि एकेका बाजूला ओढले जातात. अल्कलाइन पाणी वरच्या तोटीतून येतं, ते प्यायचं. अ‍ॅसिडचं पाणी खालच्या नळीतून जातं, ते धुण्याभांड्याला. आणि पाण्यातला चुना असतो तो उण्या प्लेटेवर बसत जातो. तोच साचून रस्ता बंद झाला होता.

झिलईला सगळं कळलं नाही, पण मुद्दा कळला. एका घरात दोन भाऊ नांदत होते, त्यांची वाटणी करून मधे भिंत घातली, आणि वाटणीतला राडारोडा एकाच्या दारात साचला. त्याने मान डोलावली.

"व्हिनेगरमध्ये भिजवायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं, एवढंच काम आहे बाबा," लेक म्हणाली. ती नवऱ्याबरोबर आली होती आणि आल्यापासून त्या फिरत्या चाकाकडे डोळे लावून उभी होती. "चाकाला लावायचं नाही. मी यांना शब्द दिलाय, की माझे बाबा फक्त धुतील, घासणार नाहीत. काही कमीजास्त झालं ना, तर त्या घरात मला मान वर करता यायची नाही."

झिलईने गळ्याला हात लावला. "चाकाकडे बघणारसुद्धा नाही, पोरी."

जावईबापूंनी पाणी तपासायची थेंबांची बाटली मागे ठेवली, वापर समजावला. पेल्यात दोन थेंब टाकायचे. साधं पाणी हिरवं होतं, प्यायचं जांभळं आणि खालच्या नळीतलं पिवळं. मग मशीनवरून एकदा हात फिरवून ते निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिलईने मशीन उघडलं. प्लेटा बाहेर काढल्या तर त्यांवर चुन्याचे पोपडे, जुन्या भिंतीला येतात तसे. त्याने घमेल्यात व्हिनेगर ओतलं आणि त्या बुडवल्या. बुडबुडे आले, फसफस झाली, पोपडे सुटून तळाला बसले. इथपर्यंत सगळं लेकीने सांगितल्याबरहुकूम झालं. इथे जर झिलई उठून जेवायला गेला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण त्याने प्लेटा धुऊन उजेडात धरल्या. आणि त्या राखाडी होत्या.

मंद, मळकट, राखेने चोळून तशाच ठेवलेल्या भांड्यासारख्या. त्यांत तोंड दिसत नव्हतं, खिडकी दिसत नव्हती, काहीच दिसत नव्हतं. झिलईला वाटलं, मळ पुरता गेलेला नाही. परत बुडवल्या. परत काढल्या. राखाडी त्या राखाडीच. त्याने अंगठ्याने चोळून बघितलं, गोणपाटाने चोळून बघितलं. हाताला खाज सुटली ती खांद्यापर्यंत चढली.

मग त्याने विचार करायला घेतला, आणि घात तिथेच झाला. पोरीने चाकाला लावू नका म्हणून सांगितलं. का सांगितलं? पदकाचं तसं झालं म्हणून. पदकाचं का झालं? त्यावर अक्षरं होती म्हणून. त्याने प्रत्येक प्लेट उलटसुलट करून बघितली. एक अक्षर नाही, शिक्का नाही, आकडा नाही. मग या प्लेटांचं चाक काय खाणार? आणि दुसरी गोष्ट, पोरीने शब्द दिलाय की बाबा धुतील. अर्धवट धुतलेली वस्तू परत करणं म्हणजे शब्द मोडणंच झालं की नाही? हे त्याला इतकं पटलं, की चाक चालू करताना त्याला उलट कर्तव्य केल्यासारखं वाटलं.

आधी एकच कोपरा लावला. कोपरा असा चमकला, की बाकीची प्लेट त्याच्या शेजारी विधवेसारखी दिसायला लागली. आता अर्धी अशी, अर्धी तशी देणं बरं दिसतं का? म्हणून अख्खी केली. एक झाली म्हटल्यावर बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? सगळ्या केल्या. वरची बाजू झाली, तशी खालचीही झाली. दुपारपर्यंत ओळीने आरसे मांडून झिलई त्यांत स्वतःच्या मिशा बघत बसला होता, आणि मनात म्हणत होता, विहीणबाई, आता उघडून बघा म्हणावं.

प्लेटा जागेवर बसवल्या, पडदे घातले, स्क्रू आवळले. कारखान्याच्या मागे घर होतं, तिथल्या स्वयंपाकघरातल्या नळाला मशीन जोडलं आणि बटण दाबलं.

मशीनने टाहो फोडला. टूं टूं टूं, वर लाल दिवा. पाणी मात्र धो धो येत होतं. झिलईने पेल्यात घेतलं, दोन थेंब टाकले. हिरवं. नळाचं पाणी नळासारखंच आत जाऊन नळासारखंच बाहेर आलं होतं. वाटणी नाही, भिंत नाही, भाऊ गुण्यागोविंदाने एकत्र.

त्याने वायरी काढून परत लावल्या. टूं टूं. प्लेटांची जागा बदलली. टूं टूं. बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने तिथूनच विचारलं की ते बाळ का रडतंय. झिलईने सांगितलं, झोपेतून उठलंय नुकतं.

पण झिलई माणूस धातूतला. त्याने अंदाज बांधला, की प्लेटा जुन्या झाल्या, विजेला थकल्या. धातूला धातू. दवाखान्याच्या ट्रॉल्यांचं काम आलं होतं, त्यातले स्टीलच्या पत्र्याचे तुकडे उरले होते. चांगलं जाड, गंज न लागणारं स्टील. त्याने त्याच मापाच्या प्लेटा कापल्या, भोकं पाडली, आणि सवयीने चाकालाही लावल्या. बसवल्या. बटण दाबलं.

मशीन गप्प. हिरवा दिवा. पेल्यात दोन थेंब टाकले, तर जांभळा नाही तरी जांभळ्याच्या जवळपास जाणारा रंग. झिलई स्टुलावर बसला आणि त्याने कपाळावरचा घाम बनियनला पुसला. सुटलो, म्हणाला. मशीन तसंच चालू ठेवून तो बाहेर जाऊन कठडे घासायला लागला, शीळ घालत.

संध्याकाळी बायको दारात येऊन उभी राहिली. हातात एक ओली चादर. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली, पांढरीशुभ्र, निदान सकाळपर्यंत होती. आता तिचा रंग कडक चहासारखा झाला होता.

"जावई म्हणाले होते, खालच्या नळीचं पाणी धुण्याला चांगलं," बायको म्हणाली. "म्हणून भिजवली. हे पाणी पितात का हो आपल्या लेकीच्या सासरी?"

झिलई धावत आत गेला. खालच्या नळीखालच्या बादलीत गढूळ पिवळं पाणी आणि तळाला तपकिरी गाळ. त्याने मशीन बंद केलं. उघडून बघितलं, तर त्याच्या झकास स्टीलच्या प्लेटांना वाळवी लागल्यासारखी छिद्रं पडायला लागली होती.

बायको मागे येऊन उभी होती. तिने टेबलावर कागदात गुंडाळून ठेवलेल्या मूळच्या प्लेटा उघडल्या. त्यांत तिला तिचा चेहरा स्वच्छ दिसला.

"चाकाला लावलंत," ती म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"दोन्ही बाजूंनी."

बायको खाली बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, की पोर लग्न होऊन गेल्यापासून पहिल्यांदाच बापाची हमी घेऊन उभी राहिली होती. सासूबाईंनी पदकाचं विसरून वस्तू परत हातात दिली होती. आणि मग तिने त्याला सांगितलं की उठा, या प्लेटा घ्या, आणि गिलिटवाल्याकडे जा. त्याच्यापुढे नाक घासावं लागलं तरी घासा. नाहीतरी तुम्हाला घासायला आवडतंच.

गिलिटवाला हा झिलईचा जुना दोस्त आणि त्याहून जुना वैरी. त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. तो धातूवर धातूचा मुलामा चढवायचा, घड्याळांच्या पट्ट्या, चष्म्यांच्या काड्या, दागिने. त्याने चढवायचं आणि लोकांनी ते चकाकी गेली म्हणून झिलईकडे न्यायचं, झिलईने चाकावर ते सगळं उतरवायचं. मग लोक परत गिलिटवाल्याकडे भांडायला. अशी दोघांची सोयरीक होती.

त्याने एक प्लेट भिंगाखाली धरली. बाजूने बघितलं, वाकवून बघितलं, टिचकी मारून आवाज ऐकला. धातू कुठला असेल यावर बराच वेळ हुंकार दिले.

"वरचा थर कुठाय?"

"थर कसला? मळ होता," झिलई म्हणाला. "राखाडी. जाता जात नव्हता."

गिलिटवाल्याने भिंग खाली ठेवलं. "प्लॅटिनम होतं ते, गाढवा."

मग तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, आणि झिलई समोर खाली मान घालून उभा. पाणीबिणी प्याल्यावर, स्टीलचा आणि चादरीचा प्रकारही ऐकून घेऊन, गिलिटवाल्याने त्याला सांगितलं ते असं. पाण्यात बुडालेल्या धातूत वीज सोडली की अधिक टोकाचा धातू पाण्यात विरघळायला लागतो. लोखंड जातं, तांबं जातं, तुझं दवाखान्याचं स्टीलही जातं, ते चादरीवर बघितलंसच. प्लॅटिनम तेवढं जाता जात नाही. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, वीज येऊ देतं आणि स्वतः कोरडं राहतं. पण अख्खी प्लेट प्लॅटिनमची करायला राजाचं घर विकावं लागेल. म्हणून आत टायटॅनियम, तो नुसता पाठीचा कणा; आणि वर प्लॅटिनमचा थर, केसाहून कितीतरी पातळ. नुसतं टायटॅनियम ठेवलं तर ते विजेला बघून अंगावर पांघरूण ओढून घेतं, वीज पलीकडे जाऊच देत नाही. म्हणून मशीन रडत होतं.

"मग तो थर गेला कुठे?" झिलईने विचारलं.

"तुझ्या चाकात. उरलेला तुझ्या नाकात."

झिलईने नकळत नाक पुसलं आणि तो रुमाल जपून घडी करून खिशात ठेवला.

थर परत चढवता येईल का, हे विचारायला त्याची जीभ रेटेना. गिलिटवाल्यानेच सांगितलं की चढवता येईल. दागिन्यांसाठी प्लॅटिनमचं पाणी त्याच्या टाकीत होतं. पण हा धातू फार आडमुठा. अ‍ॅसिडमध्ये बुडवून अंगावरचं पांघरूण काढायचं आणि तसाच ओला टाकीत घालायचा, क्षणभर वारा लागला तरी परत गुरफटून बसतो. आणि दुसरी अट. आरशासारख्या गुळगुळीत अंगावर थर बसत नाही. त्याला धरायला खरबरीत लागतं. या प्लेटा आधी सगळ्याच्या सगळ्या खरवडून मंद करायला हव्यात.

"ते तू कर," गिलिटवाल्याने खरकागद पुढे केला. "माझे हात भरलेत."

झिलईने आजवर कितीतरी गोष्टी चमकवल्या होत्या. चमकलेली गोष्ट मंद करायची त्याला कधी वेळ आली नव्हती. त्याने कागद फिरवला, पण आईने लेकराला मारावं तसा, आवाज जास्त आणि मार कमी. कोपऱ्यांत आरसा तसाच राहिला. गिलिटवाल्याने थर चढवला, वाळवला, नखाने टोकरलं, आणि अख्खा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात आला.

त्यातच जावईबापूंचा फोन. कुठवर आलं म्हणून विचारत होते. झिलईने सांगितलं की धुतोय.

"अजून?"

"चांगलं धुतोय."

जावईबापू म्हणाले की घाई नाही, पण आईची काळजी वाटते. ती काही बोलत नाही, मात्र त्या पाण्यावाचून तिची फार आबाळ होत असणार. तेव्हा रविवारपर्यंत मिळालं तर बरं. फोन ठेवल्यावर झिलईच्या डोळ्यांपुढे विहीणबाई आल्या, घोट घोट साधं पाणी गिळत, व्याह्यांवर भरवसा ठेवून. आणि त्यांच्यामागे लेक, मान खाली घालून.

तो उठला, सगळ्यांत जाडा खरकागद घेतला, डोळे मिटले आणि दात ओठ खाऊन त्या प्लेटा अशा ओरबाडल्या, की गिलिटवाल्यालाही क्षणभर वाईट वाटलं. या खेपेला अ‍ॅसिडमधून टाकीत न्यायचं कामही झिलईने केलं, जळत्या तव्यावरून पाय उचलावा तशा घाईने. गिलिटवाल्याने उदार होऊन थर चांगला जाड बसू दिला. टोकरलं, सुटला नाही. वाकवलं, सुटला नाही. चिकटपट्टी लावून ओढली, तरी जागचा हलला नाही. बदल्यात झिलईने त्याच्या दुकानात साठलेला नळांचा ढीग घासून द्यायचं कबूल केलं, आणि गिलिटवाल्याने हात जोडले, की तेवढं मात्र करू नकोस.

प्लेटा घरी आल्या त्या पुन्हा राखाडी, मळकट, विद्रूप. झिलई त्यांच्याकडे न बघताच त्या बसवू लागला. बायकोने बटण दाबलं, कारण त्याचा हात धजेना. मशीनने चकार शब्द काढला नाही. पेल्यात दोन थेंब टाकले, आणि पाणी असं गर्द जांभळं झालं, की दोघं नवराबायको तो पेला मधे ठेवून, एखाद्या नातवाकडे बघावं तसे बघत बसले. झिलईला वाटलं, आयुष्यात याच्याइतकी देखणी गोष्ट आपण बघितली नाही, आणि हिच्यात आपलं तोंडही दिसत नाही.

रविवारी तो मशीन घेऊन लेकीच्या घरी गेला. चादरीत गुंडाळून, मांडीवर धरून.

जावईबापूंनी लगेच बाह्या सारल्या आणि ओट्याशी मशीन जोडलं. पेल्यात थेंब टाकून बघितले आणि ते चकितच झाले. "नवीन होतं तेव्हाही एवढा रंग येत नव्हता," ते म्हणाले. खालच्या नळीचं बघितलं, तेही लिंबासारखं पिवळं. झिलईने लेकीकडे बघितलं, शाबासकीसाठी. लेक त्या पेल्याकडे, डॉक्टरने वाईट बातमी सांगितल्यासारखी बघत होती. विहीणबाई खुर्चीला टेकल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"चालतंय वाटतं," त्या म्हणाल्या.

"पळतंय," झिलई म्हणाला. "दिसायला प्लेटा मळकट दिसतात, राखाडी, पण आता पंधरा वर्षं हात लावायला नको."

"पंधरा," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी साध्या पाण्याचा पेला उचलून परत खाली ठेवला.

जावईबापू जोड आवळायचा पाना आणायला खाली गाडीकडे गेले. झिलईला विहीणबाईंचा तो चेहरा सोसवेना. त्याला वाटलं, बाईंना कळलंय. कुठूनतरी कळलंय, आणि माझ्या तोंडून निघायची त्या वाट बघतायत. शेवटी त्याने हात जोडले.

"विहीणबाई, खोटं पोटात राहत नाही माझ्या. मी चाकाला लावलं होतं."

विहीणबाईंनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"सगळ्या प्लेटा. दोन्ही बाजूंनी. वरचं प्लॅटिनम पार उडवून टाकलं, मशीन बंद पडलं. पोरीचा शब्द मोडला मी. तिचा काही दोष नाही यात, बोल लावायचा तर मला लावा. मग मित्राच्या पाया पडून परत थर चढवून आणला."

त्याला वाटलं होतं की आता पदकाचं निघेल. पण विहीणबाईंच्या गालांवर रंग चढत होता. त्या सुनेकडे वळल्या. "बघ. तू म्हणालीस तस्संच केलं होतं त्यांनी." आणि मग झिलईकडे बघून, अगदी काकुळतीने म्हणाल्या, "मग तसंच का नाही आणलंत हो?"

झिलईचे जोडलेले हात तसेच राहिले.

मग सगळं बाहेर आलं. हे मशीन आल्यापासून रोज पहाटे मुलगा उशाशी उभा राहायचा, पेल्यामागून पेला. तेही एक वेळ चाललं असतं. पण चहा. त्या पाण्याचा चहा काळा ठिक्कर व्हायचा आणि चव साबणाची लागायची. एवढ्या वयाच्या बाईला चहा प्यायला चोरून शेजारी जावं लागायचं, जिना उतरताना चपला हातात घेऊन. मुलाने मायेने आणलेली वस्तू, नको म्हणवत नव्हतं. चुना साचून धार बंद झाली तेव्हा त्यांना वाटलं, सुटले. तर हा दुरुस्तीला निघाला.

"कंपनीच्या माणसाला दिलं असतं तर नीट होऊन आलं असतं," विहीणबाई म्हणाल्या. "मी हिच्यापाशी रडले. तर ही म्हणाली, आई, माझे बाबा आहेत ना."

झिलईने लेकीकडे बघितलं. लेकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"पण तू तर मला बजावून गेलीस."

"हे शेजारी उभे होते ना बाबा. आणि तुम्हाला खरं सांगितलं असतं, तर तुम्ही ते दारातच यांना सांगून मोकळे झाला असता."

झिलईने रागवायचा प्रयत्न केला. त्याचा हक्कच होता. बापाच्या धंद्यावर, बापाच्या स्वभावावर पोरीने एवढा भरवसा ठेवावा, आणि तो असा. पण राग वर येईना. छातीवर इतके दिवस जो धोंडा होता तो आपोआप घरंगळून गेला होता, आणि त्याच्या जागी हसू येत होतं. त्याने स्टूल ओढलं आणि बसला. म्हणाला, की शब्द मोडला म्हणून मी मरायला टेकलो होतो, आणि इथे बघतो तर निस्तरलं म्हणून जोडे खायची पाळी. त्यावर आधी लेक हसली, मग विहीणबाई, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. पदकानंतर पहिल्यांदाच त्या झिलईच्या समोर हसत होत्या.

जिन्यात पावलं वाजली आणि सगळे गप्प झाले. जावईबापू पाना घेऊन आले, सगळ्यांचे ओले डोळे बघून त्यांनाही भरून आलं. त्यांना वाटलं, मशीन नीट झालं म्हणून. ते सासऱ्यांच्या पायाशीच बसले.

"बाबा, कंपनीचं नाव आता काढायचं नाही. यापुढे वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला तुमच्याकडेच देत जाऊ."

झिलईने हात मांडीखाली दाबून घेतले.

"वर्ष कशाला थांबायचं," विहीणबाई म्हणाल्या. "आजच जाताना घेऊन जाऊ दे त्यांना. मला तो प्लेटांचा राखाडी रंग काही बरा वाटत नाही."